‘आततायी’ : एका शब्दाचे अर्थांतर

शब्दाचा अर्थ सौम्य झाला की त्या शब्दात सामावलेला निवाडाही सौम्य होतो. ‘आततायी’ हा शब्द या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. भावनेच्या भरात, परिणामांची पर्वा न करता टोकाला जाणारा, हा त्याचा आजचा मराठी अर्थ. ‘आततायी निर्णय’, ‘आततायीपणा करू नकोस’ हे प्रयोग सर्वांच्या परिचयाचे आहेत.

‘आतत’ म्हणजे ताणलेले. वाजसनेयी संहितेच्या १६ व्या अध्यायात हे विशेषण रुद्राला लावलेले आहे; तेथे धनुष्य ताणून सज्ज असलेला असा त्याचा अर्थ होतो. पुढे धर्मशास्त्राने आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून मारावयास येणारा आणि धन, भूमी वा स्त्री यांचे हरण करणारा असे सहा आततायी सांगितले. चालून येणाऱ्या आततायीच्या वधात मनुस्मृती दोष मानीत नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो आणि तरीही त्यांच्या वधाने पापच लागेल, असे म्हणतो. या उद्गारातील ताण जुना अर्थ ठाऊक असल्यावाचून उमगत नाही. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) अहिंसेच्या मर्यादांची चर्चा याच शास्त्रार्थाच्या आधारे केली आहे.

मराठीच्या नित्य व्यवहारात मात्र हा शब्द कृत्याकडून स्वभावाकडे सरकला. तरीही ‘उतावळा’ आणि ‘अविचारी’ यांहून तो निराळाच राहिला. उतावळ्याला काळाचे भान नसते, अविचाऱ्याला विवेकाचे. आततायी माणसाच्या वागण्यात यांखेरीज इजा करण्याची शक्यता असते. ताणलेली प्रत्यंचा अर्थाच्या तळाशी अजून आहे.

हिंदीत ‘आततायी’ म्हणजे आजही अत्याचारी. म्हणून मराठी कथेतील आततायी तरुण हिंदी अनुवादात त्याच शब्दाने उतरला, तर तो जुलमी ठरतो. तेथे ‘दुस्साहसी’ किंवा ‘उतावला’ हे शब्द प्रसंगानुसार अधिक जवळचे.

समीक्षकानेही येथे सावध असले पाहिजे. पत्नीवर हात उगारणाऱ्या नायकाच्या वर्तनाला ‘आततायीपणा’ म्हटले की लक्ष त्याच्या स्वभावावर खिळते आणि जिला इजा झाली ती वाक्याबाहेर राहते. जुना शब्द कठोर होता. पण ज्याच्यावर शस्त्र उगारले गेले, त्याला तो विसरत नव्हता.