उद्गारचिन्हाची उकल एकोणिसाव्या प्रकरणात

स्टीव्ह क्लॅबनिक आणि कॅरल निकोल्स यांचे ‘द रस्ट प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हे पुस्तक रस्ट ही संगणकभाषा शिकणाऱ्या पुष्कळांच्या हाती पडते. पहिल्याच प्रकरणात पडद्यावर मजकूर उमटवणारी ‘प्रिंटएलएन’ ही आज्ञा येते आणि तिच्यापुढे उद्गारचिन्ह असते. हे चिन्ह असले की तो मॅक्रो, साधे फंक्शन नव्हे, एवढे सांगून लेखक पुढे जातात. त्याची उकल होते ती १९ व्या प्रकरणाच्या अखेरीस (२०२३ ची दुसरी छापील आवृत्ती, एकूण प्रकरणे २०). तोवर विद्यार्थ्याने ते चिन्ह मंत्रासारखे घोकलेले असते. आम्हाला हे खटकते.

मॅक्रो म्हणजे कोड लिहून देणारा कोड. कंपायलर मॅक्रोच्या जागी त्याने तयार केलेला मजकूर बसवतो, मग पुढचे काम करतो. सी भाषेत ‘वर्ग(क)’ म्हणजे ‘क × क’ असा मॅक्रो लिहिला आणि त्याला १ + २ दिले, तर अक्षरे जशीच्या तशी बसून १ + २ × १ + २ होते आणि उत्तर ९ ऐवजी ५ येते. रस्टमध्ये ‘क ही एक पूर्ण राशी आहे’ असे मॅक्रोला सांगता येते, त्यामुळे ९ च येतात.

मॅक्रो लिहिण्याची चिन्हभाषा अवघड आहे, म्हणून ती मागे ठेवली, हे योग्यच. पण मॅक्रो लिहिणे वेगळे आणि उघडून पाहणे वेगळे. पुस्तकातच ‘व्हेक’ या यादी करणाऱ्या मॅक्रोचा सुंदर विस्तार दिला आहे: रिकामी यादी करा, १ घाला, २ घाला, ३ घाला, यादी परत द्या. खरा मॅक्रो जागा आधीच राखून ठेवतो, हेही लेखक प्रामाणिकपणे सांगतात. हे अर्धे पान आठव्या प्रकरणात, जिथे ‘व्हेक’ प्रथम वापरला आहे, तिथे का नाही?

प्रोसिजरल मॅक्रोचा भाग आम्हाला त्याहून कच्चा वाटला. ‘पॅनकेक्स’ नावाच्या एका रचनेने आपले नाव सांगावे (पॅनकेक म्हणजे आपल्या धिरड्याचा भाऊ), एवढ्यासाठी स्वतंत्र क्रेट आणि वर ‘सिन’ व ‘क्वोट’ यांची मदत. प्रत्येक रचनेसाठी तेच ते लिहिण्याचा त्रास वाचवायचा, असे लेखक सांगतात खरे, पण उदाहरणात रचना एकच. तोच मजकूर पाच रचनांसाठी हाताने लिहायला लावला असता तर कंटाळ्यातूनच मॅक्रोची गरज कळली असती.

शिक्षकांनी हे पुस्तक जरूर वापरावे, मात्र क्रम बदलून. ‘कार्गो एक्स्पांड’ हे साधन विस्तारलेला कोड छापून दाखवते. ‘व्हेक’चा खरा विस्तार पुस्तकातल्यापेक्षा वेगळा आणि गूढ दिसतो, तेव्हा सुरुवात ‘वर्ग’ या स्वतःच्या मॅक्रोने करावी. त्याला संख्येऐवजी एखादे फंक्शन द्यावे, असे की जे चालताना पडद्यावर एक ओळ छापते आणि संख्या परत देते. ओळ दोनदा उमटेल. विद्यार्थी कारण विचारतील, तेव्हा उत्तर न देता विस्तार उघडून दाखवावा.