‘जिंजर’ आणि शृंगवेर

इंग्रजींतील ‘जिंजर’ म्हणजे आपलें आलें. या शब्दाचें मूळ संस्कृत ‘शृंगवेर’ होय, आणि शृंग म्हणजे शिंग व वेर म्हणजे शरीर असल्यानें शिंगाच्या आकाराचा कंद तो शृंगवेर, असें विवरण वारंवार छापलें जातें. यांतील पहिलें विधान बह्वंशीं खरें आहे. दुसरें टिकत नाहीं, असें आमचें मत आहे.

पश्चिमेकडील वाट स्पष्ट आहे. इंग्रजीच्या मागें जुनी फ्रेंच, तिच्या मागें लॅटिन, आणि तिच्याही मागें ग्रीक ‘झिंगिबेरिस’. इसवी सनाच्या १ ल्या शतकांत डायॉस्कोरिडीझ या ग्रीक वैद्यानें हें द्रव्य वर्णिलें आहे. आतां या रूपाशीं ताडून पाहावयाचें तें शृंगवेर नव्हे, तर विनयपिटकाच्या भेषजप्रकरणांतील पाली ‘सिंगिवेर’. शृंगाचें प्राकृत ‘सिंग’ होतें हें खरें. पण पुढचा इकार कोठून आला? शृंगिन् शब्द आणून तो कसाबसा साधेल, तरी ‘वेर’ सुटत नाहीं. कारण शरीर हा त्याचा अर्थ कोशांबाहेर आढळणें कठीण.

उलट तमिळ व मल्याळम् भाषांत आल्यास ‘इंजि’ म्हणतात, आणि ‘वेर्’ म्हणजे मूळ. त्या भाषांत आद्य चकार पुष्कळदां लोपतो, हें भाषाशास्त्रज्ञांनीं इतर शब्दांवरून दाखविलें आहे. तो परत ठेवितांच सिंगिवेराचें कोडें उलगडतें. यूल व बर्नेल यांनीं १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत हीच दिशा दाखविली होती. (सुंठीलाही याच घरांत बसविण्याचा त्यांचा यत्न मात्र ओढाताणीचा आहे.) म्हणजे शब्द दक्षिणेचा, शिंग त्याला संस्कृत पंडितांनीं मागाहून लाविलें. यांत संस्कृताचा कमीपणा तो काय? इंग्रजांनींही तेंच केलें आहे: ‘जिंजरब्रेड’ यांतील ब्रेड मूळचा पाव नव्हे, मुरविलेल्या आल्याच्या जुन्या फ्रेंच नांवाचें तें शेपूट आहे.

मराठींत शृंगवेर रूढ राहिलें नाहीं. ‘आलें’ हें आर्द्रकाचें, प्राकृत ‘अल्लअ’वरून आलेलें रूप. तेव्हां आपल्याकडे पुरावा शोधावयाचा तो पोथ्यांतच. वैद्यकाच्या व निघंटूंच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस आमची विनंति आहे कीं, नक्कलकारानें ‘शृंगिवेर’ किंवा ‘सिंगिवेर’ लिहिलें असल्यास तो हस्तदोष समजून अमरकोशाप्रमाणें शुद्ध करूं नये. पाठ आहे तसा, पत्रांक व लेखनशक यांसह, प्रसिद्ध करावा.