टेबलावर उमटणारी पेटी

पेटीच्या पट्ट्या टेबलावर नुसत्या प्रकाशाने उमटवायच्या, कॅमेऱ्याने बोटांवर नजर ठेवायची आणि बोट ज्या पट्टीवर पडेल तो स्वर संगणकाने वाजवायचा, असा हा प्रकल्प. छोटा प्रोजेक्टर, कॅमेरा आणि लॅपटॉप एवढे सामान एका पिशवीत मावते. बीड जिल्ह्यातील चौसाळा येथे काही शिक्षकांसमवेत आम्ही तो मांडून पाहिला. सर्वांना गंमत वाटली. पण गंमत ओसरल्यावर तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

वाद्य म्हणून तो कच्चाच आहे. सेकंदाला ३० चित्रे घेणारा कॅमेरा सुमारे ३३ मिलिसेकंदांनी एक चित्र देतो. चित्र तपासण्याचा व आवाज बाहेर पडण्याचा वेळ त्यात मिळवला, तर उशीर सहज १०० मिलिसेकंदांवर जातो. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे ३४ मीटर जातो. म्हणजे बोटे इथे आणि पेटी मैदानापलीकडे! शिवाय पट्टी दबल्याची जाणीव बोटाला होत नाही, आणि भाता तर नाहीच.

दुसरा दोष अधिक बोलका आहे. बोट टेबलाला टेकले आहे की दोन सेंटिमीटर वर आहे, हे वरून पाहणाऱ्या एका कॅमेऱ्याला सहजी कळत नाही. आमच्या मांडणीत बोट नुसते वरून गेले तरी स्वर वाजत. तेव्हा एका शिक्षिकेने सावलीकडे लक्ष वेधले. प्रकाश तिरका असेल तर अधांतरी बोट आणि त्याची सावली वेगळी दिसतात. बोट टेकताच दोन्हींची टोके जुळतात. अँड्र्यू विल्सन यांनी २००५ मध्ये 'प्लेएनीव्हेअर' या यंत्रणेत सावलीचाच आधार घेतला होता.

तिसरी अडचण भूमितीची. प्रोजेक्टर तिरपा असला की आयताचा समलंब होतो. चार कोपऱ्यांच्या जागा मोजल्या की कॅमेऱ्यातील प्रत्येक बिंदू सपाट टेबलावर कोठे पडतो, हे गणिताने काढता येते. मूळचे नाशिकचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांनी सहकाऱ्यांसह २००३ मध्ये मांडलेले 'आय-लॅम्प्स' याच्या पुढचे: समोरच्या पृष्ठभागाचा आकार ओळखून स्वतःचे चित्र जुळवून घेणारे प्रोजेक्टर.

मग हा प्रकल्प वर्गात न्यावा का? न्यावा, पण दोष झाकून नव्हे. तयार प्रोग्राम आणून प्रदर्शनात टाळ्या मिळवल्या, तर मुलांच्या हाती जादूच येते, विज्ञान येत नाही. उशीर किती, तो कसा मोजावा, सावली केव्हा फसवते, हे मुलांनाच शोधू द्यावे. प्रोजेक्टर नसेल तर कागदावर पट्ट्या आखून आणि बाजूला एक विजेरी ठेवूनही सावलीचा प्रयोग होतो. आमच्या मते खरा धडा तोच आहे.