हॅमर कुणाच्या हाती?

प्याँगचांग, २४ फेब्रुवारी २०१८. हिवाळी ऑलिंपिकमधली पुरुषांच्या कर्लिंगची अंतिम लढत, अमेरिका विरुद्ध स्वीडन. दहापैकी सात डाव झालेत, गुण ५-५. इथून पुढच्या आठव्या डावाची गोडी चाखायची तर दोन नियम पक्के ठाऊक हवेत.

एका डावात गुण एकाच संघाला मिळतात. दोन्ही संघ आळीपाळीने आठ-आठ दगड बर्फावर आखलेल्या वर्तुळाकडे सोडतात. वर्तुळाच्या मध्याशी ज्याचा दगड सर्वांत जवळ, त्याने डाव जिंकला. समोरच्याच्या सर्वांत चांगल्या दगडाच्याही आत त्याचे जितके दगड, तितके गुण. दुसऱ्याला भोपळा. दुसरा नियम हॅमरचा, म्हणजे शेवटचा दगड टाकण्याच्या हक्काचा. ज्याने गुण घेतले, त्याच्याकडून पुढच्या डावात हा हक्क जातो. म्हणून हॅमर असताना एकच गुण घेणं तोट्याचं. त्यापेक्षा कसलेले संघ वर्तुळ मुद्दाम रिकामं करतात, डाव शून्यावर सोडतात आणि हॅमर राखतात. नवख्याला फुकट गेलेला वाटणारा तो डाव मला फार आवडतो. त्यात पुढच्या दोन-तीन डावांचा विचार दिसतो.

सातव्यात स्वीडनने दोन गुण घेतले होते, तेव्हा आठव्यात हॅमर अमेरिकेकडे.

इथे बर्फाकडेही बघायला हवं. तो गुळगुळीत नसतो. पाण्याचे थेंब शिंपडून त्यावर बारीक दाणे गोठवलेले असतात. सोडताना मुठीला दिलेल्या हलक्या पिळामुळे सुमारे वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड वळत जातो. दगडापुढे ब्रश घासला की बर्फ किंचित तापतो, घर्षण घटतं. दगड लांब जातो आणि कमी वळतो. कॅरमचा स्ट्रायकर सुटला की आपले हात बांधलेले. इथे दगड सुटल्यावरही नेम सुधारता येतो, आणि खेळाडूंचा तो आरडाओरडा म्हणजे ही सुधारणाच असते: घासा, थांबा, आता जोरात!

आठव्या डावात अमेरिकेचा कर्णधार जॉन शूस्टरने शेवटचा दगड सोडला आणि एकाच फटक्यात स्वीडनचे दोन दगड उडाले. मोजणी झाली: अमेरिकेला पाच गुण. बरोबरीतला सामना एका दगडावर १०-५ झाला.

नवव्यात निकलास एडिनच्या स्वीडनने दोन गुण भरून काढले, पण त्यामुळेच दहाव्यात हॅमर पुन्हा अमेरिकेकडे गेला. तीन गुणांची पिछाडी, शेवटचा दगडही समोरच्याचा. स्वीडनने हात मिळवून हार मान्य केली. १०-७, कर्लिंगमधलं अमेरिकेचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.