स्तुतीची सीमा

स्तुतिकाव्याची कसोटी कवीच्या उपमांत नसते. तो कोठे थांबतो, यात असते. १३ व्या शतकात इजिप्तमध्ये होऊन गेलेल्या बुसीरी या कवीचा ‘कसीदा बुर्दा’ वाचताना या विधानाचा प्रत्यय येतो.

‘बुर्दा’ म्हणजे अंगावर पांघरायचे वस्त्र. अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेल्या कवीने हे काव्य रचले, स्वप्नात महंमद पैगंबरांनी त्याच्यावर आपले वस्त्र पांघरले आणि तो बरा होऊन उठला, अशी परंपरागत कथा आहे. सुमारे १६० द्विपदींचे हे अरबी काव्य पैगंबरांच्या जन्मोत्सवात आणि इतर धार्मिक मेळाव्यांत म्हटले जाते. एकजण द्विपदी म्हणतो, समुदाय पैगंबरांसाठी आशीर्वाद मागणारे पालुपद धरतो. मोरोक्कोपासून आपल्या केरळपर्यंत हा प्रघात आहे. प्रत्येक द्विपदी ‘म’ या एकाच वर्णावर विसावते. त्यामुळे अर्थ न कळणाऱ्याच्याही कानात तिचा नाद घुमत राहतो.

काव्याची रचना मार्मिक आहे. आरंभी जुन्या अरबी रीतीप्रमाणे विरहाची व्यथा येते, मग कवी स्वतःच्याच हट्टी मनाची कानउघाडणी करतो, आणि त्यानंतरच स्तुतीला हात घालतो. पश्चात्तापावाचून स्तुतीचा अधिकार नाही, हे दाविदाच्या ५१ व्या स्तोत्राने आपणांसही शिकवले आहे.

मात्र पुढे एका द्विपदीपाशी आपला वाचक थबकेल. ख्रिस्ती लोक येशूविषयी जे म्हणतात तेवढे वगळावे, बाकी पैगंबरांची हवी तितकी थोरवी गावी, असे कवी बजावतो. आपल्या श्रद्धेचा गाभाच तेथे निषिद्ध रेषा म्हणून उभा आहे. हे बोचते आणि बोचावेही. मतभेद झाकून केलेला शेजारधर्म फार टिकत नाही.

परंतु काव्याच्या अखेरीस हाच कवी पैगंबरांना आर्त हाक मारतो, त्यांच्यावाचून आपणांस आसरा नाही म्हणतो. मुसलमानांतील काही कर्मठ विद्वानांनी नेमका यालाच आक्षेप घेतला : असा धावा केवळ ईश्वराचाच करावा. म्हणजे ज्याने सीमा आखली, त्याच्यावरच ती ओलांडल्याचा आरोप आला! पैगंबरांचे पराक्रम वर्णिणाऱ्या भागापेक्षा मला ही अखेर काव्य म्हणून अधिक खरी वाटते. तेथे पांडित्य गळून पडते आणि माणूस उरतो.

हा पेच आपणांस परका नाही. ख्रिस्तसभा मरियेला वंदन आणि ईश्वराला आराधना असा भेद करते. पण जपमाळ हाती घेऊन रडणाऱ्या आईला तो भेद प्रत्येक मण्याला आठवतो का? सीमा हवीच, ती नसेल तर स्तुती भाटगिरी होते. पण ज्या स्तुतीला सीमेपर्यंत जावेसेही वाटत नाही, तिला भक्ती कशी म्हणावी?