व्हिसेरा अहवालातील ‘नाही’ : संश्लेषित ओपिऑइड विषबाधेच्या संदर्भात

जोगेश्वरीत एखादा तरुण घरी मृतावस्थेत आढळला, की अपमृत्यूची नोंद होते, शवविच्छेदन होते आणि मृत्यूच्या कारणाविषयीचे मत राखून ठेवून व्हिसेरा कालिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठविला जातो. ‘सर्वसाधारण व विशिष्ट चाचण्यांत विष आढळले नाही’ अशा आशयाचा अहवाल आल्यास प्रकरण बहुधा मिटते. या नकाराचे प्रामाण्य किती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

संपृक्त मिठाच्या द्रावणात जठर, यकृत, मूत्रपिंडाचे तुकडे ठेवण्याची पद्धत कीटकनाशके व वनस्पतिजन्य अल्कलॉइडे डोळ्यांपुढे ठेवून रूढ झाली. १८५० मध्ये स्टास यांनी निकोटिनच्या शोधासाठी योजलेली निष्कर्षण पद्धती आजही अभ्यासक्रमात आहे. परंतु फेंटानिल रक्तात असते ते मिलिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये. मॉर्फिनसाठी घडविलेली प्रतिपिंड-चाचणी फेंटानिल किंवा टॅपेंटाडॉल ओळखत नाही. कारण त्यांची रेणुरचनाच वेगळी. तेथे द्रव वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमितीच हवी, आणि तीही काय शोधायचे हे ठाऊक असल्यास. मॉस्को येथील नाट्यगृहात २००२ मध्ये वापरलेल्या वायूत कारफेंटानिल व रेमिफेंटानिल होते, हे बचावलेल्यांच्या नमुन्यांवरून प्रसिद्ध झाले ते २०१२ मध्ये.

हा विषय मुंबईला परका नाही. कालिन्याला लागूनच असलेल्या वाकोल्यात डिसेंबर २०१८ मध्ये पोलिसांनी फेंटानिल म्हणून सुमारे १०० किलो पदार्थ जप्त केला. (किलोंची बातमी होते, नॅनोग्रॅमची होत नाही.) मुंबईस्थित एका कंपनीच्या टॅपेंटाडॉल-कॅरिसोप्रोडॉल गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचे उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने या मिश्रणाची निर्यात थांबविली.

होकारार्थी अहवालही निर्णायक नसतो. मृत्यूनंतर औषध ऊतींतून हृदयातील रक्तात उतरते व तेथील प्रमाण फुगते. म्हणून मांडीच्या शिरेतील रक्त, सोडियम फ्लोराइड घालून, घेणे आवश्यक ठरते. वेदनाशमनासाठी फेंटानिलची पट्टी लावणाऱ्या, सरावलेल्या कर्करुग्णाच्या रक्तातील आकडा नवख्याला मारक ठरू शकतो. म्हणजे आकड्याला अर्थ येतो तो पूर्वेतिहासातून, आणि नेमका तोच व्हिसेराच्या बरणीसोबत जात नाही. जोगेश्वरीच्या ट्रॉमा रुग्णालयात बेशुद्ध रुग्णाला नॅलोक्झोन दिल्यावर श्वास सुधारला आणि त्याचा अल्पकालीन प्रभाव ओसरताच तो पुन्हा मंदावला, अशी नोंद असेल तर ती विश्लेषकाला कोणत्याही चाचणीइतकीच मोलाची. ती केसपेपरातच राहिली, तर प्रयोगशाळा नेहमीचीच विषे शोधत राहील.