पेरँ यांच्या अणुसिद्धीचे बळ

झां पेरँ (१८७०–१९४२) या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाचा गौरव अणूचे अस्तित्व सिद्ध करणारा प्रयोगकर्ता म्हणून केला जातो. तथापि ‘सिद्ध करणे’ म्हणजे येथे नेमके काय, हे क्वचितच तपासले जाते. पेरँ यांनी रेणू प्रत्यक्ष पाहिला नाही, की तो अलगही केला नाही. मग १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘लेझ आतोम’ या ग्रंथातील पुराव्याचे बळ कशात आहे?

या पुराव्याचा पाया १९०८ सालापासूनच्या प्रयोगांत आहे. गांबोज ही पिवळी राळ पाण्यात चोळली असता सूक्ष्म गोल कण निर्माण होतात. एक किलोग्रॅम राळेवर कित्येक महिने केंद्रापसारक यंत्राने संस्कार करून पेरँ यांनी इष्ट आकाराचे अवघे काही डेसिग्रॅम कण मिळविले. हे कण मोठ्या रेणूंप्रमाणे वागत असतील, तर उंचीबरोबर हवा विरळ होते तसेच तेही व्हावयास हवेत. ०.२१२ मायक्रॉन त्रिज्येचे कण ५, ३५, ६५ व ९५ मायक्रॉन उंचीवर मोजले असता त्यांचे प्रमाण १००, ४७, २२.६ व १२ असे आले. कणाचे वजन ज्ञात असल्याने त्यावरून ॲव्होगॅड्रो अंक काढता आला.

तो अंक सुमारे ६.८ गुणिले १० चा २३ वा घात असा आला. २०१९ साली निश्चित करण्यात आलेले मूल्य ६.०२२१४०७६ गुणिले तोच घात असे आहे. म्हणजे पेरँ यांचे मूल्य सुमारे १३ टक्क्यांनी अधिक होते. या पद्धतीत त्रिज्येचा घन येत असल्यामुळे तिच्यात ४ टक्क्यांची तूट राहिली तरी एवढा फरक पडू शकतो. शिवाय कणांच्या विस्थापनावरून केलेली गणनाही त्याच त्रिज्येवर अवलंबून होती. म्हणून या दोन पद्धतींचा मेळ पूर्णतः स्वतंत्र साक्ष मानता येत नाही. पेरँ यांना या धोक्याची जाण होती. त्रिज्या त्यांनी तीन निरनिराळ्या रीतींनी मोजली, ती यासाठीच.

परंतु ग्रंथाचा खरा युक्तिवाद या एका अंकावर उभा नाही. वायूंची श्यानता, आकाशाचा निळा रंग, कृष्णवस्तूचे प्रारण आणि किरणोत्सर्ग यांचा राळेच्या कणांशी काहीच संबंध नाही. तरीही त्या सर्वांवरून काढलेला अंक स्थूलमानाने तोच येतो. रेणू केवळ सोयीची कल्पना असती, तर परस्परांशी असंबद्ध अशा या घटनांनी एकाच अंकाकडे बोट दाखविण्याचे कारण उरले नसते. अणुवादाचे कडवे विरोधक ऑस्टवाल्ड यांनी १९०९ साली आपला विरोध सोडला, त्यामागे ज्या प्रयोगांचा प्रभाव होता त्यांत पेरँ यांचे प्रयोगही होते. १९२६ साली पेरँ यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अतएव पेरँ यांचे श्रेष्ठत्व अचूकतेत शोधणे योग्य ठरणार नाही. एका मापनातील दोष दुसऱ्या, खरोखर भिन्न मापनाने पारखावा, ही त्यांची शिस्त त्यांच्या अंकापेक्षा अधिक टिकाऊ ठरली आहे.